थॉमस-किलमन प्रश्नावली आणि एसबीआय साचा: कामाच्या ठिकाणी कितपत उपयोगी?

कठीण फीडबॅक कसा द्यावा आणि टीममधला ताण कसा उतरवावा, हे शिकवणाऱ्या बहुतेक वर्कशॉप्समध्ये दोन गोष्टी भेटतात. पहिली थॉमस-किलमन कॉन्फ्लिक्ट मोड इन्स्ट्रुमेंट, म्हणजे मतभेद झाला की आपण कसे वागतो हे सांगणारी प्रश्नावली. केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन यांनी ती 1974 मध्ये आणली, आणि आज ती मायर्स-ब्रिग्ज कंपनीकडून विकत मिळते. दुसरा एसबीआय: सिच्युएशन, बिहेवियर, इम्पॅक्ट, म्हणजेच प्रसंग, वर्तन, परिणाम. फीडबॅकचा हा साचा सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेने रूढ केला. प्रश्नावलीला माणशी पैसे मोजावे लागतात. साचा मात्र कुणीही आजपासून वापरू शकतो.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. प्रश्नावलीची बांधणी चांगली आहे, पण ती बऱ्याचदा भलत्याच कामाला जुंपली जाते. साचा त्याहून कितीतरी जास्त उपयोगाचा आहे. मात्र त्याच्या तिसऱ्या भागात लोक सर्रास चुका करतात आणि त्यानंतर जे करायचं ते शिकवलंच जात नाही. आवाज चढलेले आहेत, चेहरे लाल झालेत, अशा क्षणी या दोन्हींतलं काहीच हाती लागत नाही. वर्कशॉप ठरवणाऱ्याने ही उणीव ओळखून ती वेगळी भरून काढायला हवी.

प्रश्नावलीत नेमकं काय मिळतं

वाक्यांच्या 30 जोड्या असतात. प्रत्येक जोडीतल्या अ आणि ब या वाक्यांपैकी आपल्या वागण्याच्या जास्त जवळचं एक निवडायचं. पंधरा मिनिटांत होतं. त्यातून पाच पद्धतींचे गुण निघतात: आपलं म्हणणं रेटणं, सहयोग, तडजोड, टाळणं आणि जुळतं घेणं. या पाचही पद्धती दोन अक्षांवर मांडलेल्या आहेत, एक ठामपणाचा आणि दुसरा सहकार्याचा. रेटण्यात ठामपणा भरपूर आणि सहकार्य कमी, जुळतं घेण्यात नेमकं उलट. टाळण्यात दोन्ही कमी, सहयोगात दोन्ही जास्त, आणि तडजोड बरोबर मध्ये.

रचनेतली खुबी गणितात आहे. प्रत्येक पद्धत उरलेल्या चार पद्धतींपैकी प्रत्येकीसमोर तीन-तीन वेळा येते. त्यामुळे एका पद्धतीला 0 ते 12 गुण मिळू शकतात आणि पाचही पद्धतींची बेरीज कायम 30 च भरते. शिवाय जोडीतली दोन्ही वाक्यं साधारण सारखीच शोभून दिसतील अशी घेतलेली आहेत, म्हणजे चांगलं दिसणारं उत्तर निवडून मोकळं होता येत नाही. स्वतःबद्दलच्या प्रश्नावल्यांत हा दोष फार असतो, आणि इथे तो बऱ्यापैकी आवरलेला आहे.

याच गणितामुळे एक मर्यादाही येते. बेरीज ठरलेली असल्यामुळे एका पद्धतीचे गुण वाढले की दुसरीचे कमी होणारच. पाचही पद्धती सराईतपणे वापरणारा माणूस आणि पाचही अर्धवट वापरणारा माणूस, दोघांचे आकडे तंतोतंत सारखे येऊ शकतात. म्हणजे ही प्रश्नावली कल सांगते, कौशल्य सांगत नाही. सहयोगाला 10 गुण मिळवणारा माणूस प्रत्यक्ष सहयोग करताना समोरच्याचं एक वाक्यही पूर्ण होऊ देत नसेल, तर ते या आकड्यांत कुठेही दिसणार नाही.

आता ती कुठे फसते ते. सगळ्यात जास्त घोळ सूचनेत होतो. प्रश्नावली "तुमची आणि दुसऱ्याची इच्छा जुळत नाही तेव्हा" असं मोघम विचारते. मग कुणी घरातलं वागणं डोळ्यासमोर ठेवतं, कुणी साहेबांसमोरचं, कुणी हाताखालच्यांसमोरचं, आणि अर्ध्या वाटेत लोक एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतात. अशा उत्तरांची सरासरी कुणाचंच खरं चित्र दाखवत नाही. उपाय सोपा आहे. पेन हातात घेण्याआधी प्रत्येकाने कागदावर एकच नातं लिहावं: "माझ्या बरोबरीच्या सहकाऱ्यांशी" किंवा "माझ्या वरिष्ठांशी". तीसही उत्तरं त्याच नात्यापुरती द्यावीत. वेळ असेल तर दुसऱ्या नात्यासाठी पुन्हा भरावी. बऱ्याचदा दोन निकालांतला फरकच सगळ्यात जास्त बोलका असतो.

दुसरा दोष ट्रेनरचा. सहयोग ही सगळ्यात वरची पायरी आणि टाळणं ही दुबळेपणाची खूण, असं समजावलं जातं. मूळ मांडणीत असं काही नाही; पाचही पद्धतींना आपापली जागा आहे. यंत्राचं सुरक्षा कव्हर काढून काम चाललंय, तिथे चर्चा करत बसायचं नसतं, तिथे रेटायचंच. फाइलचं नाव काय ठेवावं यावरचा वाद टाळलेलाच बरा. आपलंच चुकलंय हे कळलं की जुळतं घेण्यात कसलाही कमीपणा नाही. संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय आणि दोन्ही बाजू तुल्यबळ आहेत, तर तडजोड. सहयोगाला वेळ लागतो आणि दोन्ही बाजूंचा एकमेकांवर थोडा तरी भरवसा लागतो, म्हणून तो मोठ्या आणि दोघांच्याही जिव्हाळ्याच्या मुद्द्यांसाठी राखून ठेवावा. प्रत्येक बारीक गोष्टीत सहयोग करू पाहणारी टीम मीटिंगांखाली दबून जाते.

तिसरा दोष जास्त गंभीर आहे. निकाल हातात आला की लोक तो ओळखपत्रासारखा मिरवतात. "मी टाळणारा आहे, माझा स्वभावच तसा." भरती, बढती किंवा वार्षिक मूल्यमापनात हे आकडे वापरणं तर सरळ चूक आहे. आकडे वरिष्ठांकडे जाणार असं कळलं की माणूस खरं उत्तर देत नाही, आणि मग प्रश्नावलीत राहिलेलं थोडंफार सत्यही निघून जातं.

मग घ्यावी का? पूर्ण टीमने एकदा घ्यायला हरकत नाही, ती मुख्यतः गटाच्या एकत्रित चित्रासाठी. आठ जणांच्या टीममध्ये सहा जणांचं टाळणं वर असेल, तर त्या टीमच्या मीटिंगमध्ये सगळ्यांच्या माना डोलत असतात आणि खरा विरोध नंतर चहाच्या टेबलावर बाहेर पडतो. हे एकदा भिंतीवर आकड्यांत दिसलं की "आपण इथे बोलतच नाही" हे वाक्य कुणावर आरोप न करता उच्चारता येतं. आमच्या मते या प्रश्नावलीचा खरा मोबदला तेवढाच, आणि तो लहान नाही.

एसबीआय: तीन वाक्यांत सांगायची शिस्त

समजा एक सहकारी मीटिंगमध्ये सतत मध्ये बोलतो. मनात साठलेलं वाक्य असं असतं: "तुम्ही कुणाला बोलूच देत नाही, जरा समोरच्याचा मान ठेवा." एसबीआयमध्ये तेच असं येतं:

"काल दुपारच्या आढावा मीटिंगमध्ये मी वेळापत्रक मांडत होते, तेव्हा तुम्ही तीनदा मध्येच बोलायला सुरुवात केलीत. त्यात चाचणीच्या तारखेचं माझं बोलणं राहून गेलं आणि नंतर दोघांनी येऊन ती तारीख मला वेगवेगळी सांगितली."

पहिलं वाक्य माणसाबद्दल आहे, दुसरं घटनेबद्दल. पहिल्यावर समोरचा फक्त स्वतःचा बचाव करू शकतो. दुसऱ्यावर तो म्हणू शकतो, "तारीख राहून गेली हे माझ्या लक्षातच आलं नाही," आणि तिथून पुढे बोलता येतं.

प्रसंग सांगताना वेळ, जागा आणि काम या तिन्ही गोष्टी याव्यात. "गेले काही महिने" हा प्रसंग होत नाही. समोरच्याला तो क्षण डोळ्यासमोर आणता आला पाहिजे. नाहीतर तो आपल्या बाजूच्या दहा आठवणी काढतो आणि बोलणं तिथेच अडकतं.

वर्तनासाठी एकच कसोटी पुरते: कॅमेऱ्याने टिपलं असतं तेवढंच सांगायचं. "बेफिकीरपणे", "मुद्दाम", "तुच्छतेने" हे शब्द कॅमेऱ्यात दिसत नाहीत. "रिपोर्टमध्ये दोन तक्त्यांच्या बेरजा जुळत नव्हत्या" हे दिसतं. "कायम" आणि "कधीच नाही" हे दोन शब्द तर आधीच गाळून टाका, कारण एक अपवाद सापडला की सगळं म्हणणं खोटं ठरतं, आणि अपवाद सापडतोच.

माणसाऐवजी कामावर बोट ठेवण्याला संशोधनाचाही आधार आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी 1996 मध्ये फीडबॅकवरच्या आधीच्या अभ्यासांचे 607 निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरी पाहता फीडबॅकने काम सुधारलं होतं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ते आधीपेक्षा बिघडलं होतं. त्यांचं स्पष्टीकरण असं की लक्ष कामावरून हटून "मी कसा आहे" याकडे वळलं की फीडबॅकचा परिणाम घसरतो. "तुम्ही बेजबाबदार आहात" ऐकणारा माणूस त्या क्षणी तक्त्याच्या बेरजेचा विचार करतच नसतो.

तिसरा भाग, परिणाम, इथे सगळ्यात जास्त चुका होतात. एक तर तो फुगवला जातो: "सगळी टीम तुमच्यावर नाराज आहे." लगेच प्रश्न येतो, "सगळी म्हणजे कोण?" आणि पुढचा अर्धा तास नावं शोधण्यात जातो. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून कधीही फीडबॅक देऊ नये. आपल्याला दिसलेला, आपल्यावर किंवा आपल्या कामावर झालेला परिणामच सांगावा. दुसरी चूक अशी की परिणामाच्या जागी हेतू घुसतो: "तुम्हाला माझं काम हाणून पाडायचं होतं." दुसऱ्याच्या वागण्याला त्याचा स्वभाव कारणीभूत मानायचा आणि परिस्थितीचा वाटा कमी धरायचा, ही माणसाची जुनी खोड आहे, मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी 1977 मध्ये तिला मूलभूत आरोपण-चूक असं नाव दिलं. तिसरी चूक भावनेच्या वेशात येते. "मला असं वाटतं की तुम्ही स्वार्थी आहात" यात "मला वाटतं" असलं तरी तो आरोपच आहे. "मी गोंधळले", "मला दडपण आलं" ही भावना.

यानंतर काय? बरेच ट्रेनर इथेच थांबतात आणि साचा अर्धवट सोडतात. परिणाम सांगून झाला की हेतू विचारायचा. सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपने स्वतःही साच्याला ही जोड दिलेली आहे. प्रश्न असा ठेवा: "तेव्हा तुमच्या डोक्यात काय चाललं होतं?" "असं का केलंत?" म्हटलं की तो जाब विचारल्यासारखा होतो, म्हणून "का" टाळून "काय" किंवा "कशामुळे" वापरावं. आणि मग गप्प बसायचं. ही शांतता नवख्या मॅनेजरला सोसत नाही. दोन-तीन सेकंदांत तो "म्हणजे तसं फार काही नाही हो" म्हणत स्वतःचंच म्हणणं पातळ करतो. समोरच्याला विचार करायला दहा सेकंद तरी द्या. शेवटी एक ठोस मागणी करा: "पुढच्या मीटिंगमध्ये माझं मांडून होईपर्यंत मुद्दे लिहून ठेवाल का? शेवटची दहा मिनिटं आपण त्यासाठीच ठेवू."

कौतुक, मग टीका, मग पुन्हा कौतुक अशी तीन थरांची पद्धत अजूनही शिकवली जाते. ती सोडून द्यावी. काही जण फक्त कौतुक ऐकून आनंदाने बाहेर पडतात, आणि बाकीच्यांना पुढे प्रत्येक कौतुकानंतर "आता काय येणार?" अशी धास्ती वाटू लागते. कौतुक वेगळं करावं, आणि तेही याच साच्यात: प्रसंग, वर्तन, परिणाम. "छान काम केलंत" यातून माणसाला पुन्हा काय करायचं ते कळत नाही.

वेळेचं गणित असं. घटनेनंतर शक्यतो एक-दोन दिवसांत, बंद खोलीत, 15 ते 20 मिनिटं, आणि एकच मुद्दा. "जरा बोलायचंय तुमच्याशी, उद्या भेटू" असा निरोप देऊ नका. तो माणूस रात्रभर तळमळतो. "आज चार वाजता पंधरा मिनिटं भेटू, कालच्या मीटिंगबद्दल आहे" असा विषयासकट आणि त्याच दिवसाचा निरोप द्या. सुटीच्या आदल्या संध्याकाळी कठीण बोलणं नको, कारण पुढे दोन दिवस विचारायला किंवा समजून घ्यायला कुणीच समोर नसतं. आणि चॅटवर तर अजिबात नको.

समोरून काय येईल याची तयारी केलेली बरी. नकार आला, "असं घडलंच नाही," तर घटनेवरून वाद घालू नका. "आपल्या आठवणी वेगळ्या आहेत. पुढच्या मीटिंगला दोघंही लक्ष ठेवू आणि लगेच नंतर पाच मिनिटं बोलू," एवढं म्हणावं. उलटा वार आला, "तुम्हीही रिपोर्ट उशिरा पाठवता," तर तो झटकू नका. "बरोबर असू शकेल. त्यावर उद्या सकाळी दहाला बसू, आत्ता हा मुद्दा पूर्ण करू," म्हणा आणि खरोखर दहाला बसा, न बसलात तर पुढचा कुठलाही फीडबॅक ऐकला जाणार नाही. डोळ्यांत पाणी आलं तर थांबा, पाणी द्या, थोडा वेळ हवा का विचारा. पण सांगितलेलं मागे घेऊ नका. अवघड असतं ते चटकन आलेलं "सॉरी, पुन्हा नाही होणार". ते ऐकून हायसं वाटतं आणि बैठक संपते, पण त्याला नेमकं काय समजलं ते कळलेलं नसतं. "पुढच्या वेळी काय वेगळं कराल?" एवढा एक प्रश्न विचारल्याशिवाय उठू नये.

साच्याच्या मर्यादा दोन. तीच गोष्ट तिसऱ्यांदा, चौथ्यांदा घडली की एकेका प्रसंगाचा एसबीआय किरकिर वाटू लागतो. तिथे दोन-तीन प्रसंग तारखांसह थोडक्यात सांगून सरळ सवयीवर यावं: "आता प्रश्न या एका रिपोर्टचा राहिलेला नाही. ठरलेली तारीख पाळली जाईल यावर मला विसंबता येत नाही." दुसरी मर्यादा वरिष्ठांना फीडबॅक देताना जाणवते. तिथे आधी परवानगी घ्यावी, "एक निरीक्षण सांगू का?" आणि परिणाम फक्त कामावरचा सांगावा. हाताखालच्या माणसाची नाराजी ऐकायची सवय सगळ्याच वरिष्ठांना नसते. अडलेलं काम मात्र प्रत्येकाला कळतं.

तापलेल्या क्षणी दोन्ही अपुरे

एसबीआय ऐकून घ्यायला समोरच्याचं डोकं ठिकाणावर असावं लागतं. रागाच्या भरात असलेल्या माणसापुढे तीन नेमकी वाक्यं मांडली तर ती त्याला आरोपपत्रासारखी लागतात. म्हणून आधी तापमान खाली आणायचं. वर्कशॉपमध्ये यासाठी वेगळा तास नसेल तर तो मागून घ्या.

"शांत व्हा" म्हणू नका. रागावलेल्या माणसाला त्याचा अर्थ "तुझा राग चुकीचा आहे" असा ऐकू येतो. स्वतःचा आवाज त्याच्यापेक्षा खाली आणि वेग कमी ठेवा. तो उभा असेल तर आधी त्याला बसायला सांगा, मग स्वतः बसा. मग त्याची भावना आणि तिचं कारण एकाच वाक्यात परत मांडा: "तुम्हाला विचारल्याशिवाय आराखडा बदलला, याचा राग आलाय. बरोबर?" शेवटचा "बरोबर?" महत्त्वाचा आहे, कारण चुकलं असेल तर तो दुरुस्त करतो, आणि दुरुस्त करता करता खाली येतो. भावनेला नाव दिल्याने मेंदूतल्या अमिग्डाला या भावनांशी जोडलेल्या भागाची प्रतिक्रिया सौम्य होते, असं मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांच्या 2007 मधल्या मेंदू-स्कॅनच्या प्रयोगात दिसलं होतं. "मी समजू शकतो" या तयार वाक्याने हे साधत नाही. काय समजलं ते त्यात सांगितलेलंच नसतं.

एवढ्यानेही उतरलं नाही तर विश्रांती घ्या, आणि ती किमान वीस मिनिटांची. पाच मिनिटांत शरीर शांत होत नाही, फक्त तोंड बंद होतं. विश्रांती मागणाऱ्यानेच पुन्हा बसायची वेळ सांगायची: "मला अर्धा तास हवा, साडेतीनला इथेच बसू." वेळ सांगितली नाही तर ते निघून जाणं ठरतं, आणि समोरचा अर्धा तास मनातल्या मनात भांडण पुढे चालवतो.

प्रेक्षकांसमोर भांडण मिटवायचा प्रयत्न करू नये. पाच जण पाहत असताना माघार घेणं म्हणजे मान खाली घालणं होतं, त्यामुळे दोघंही अडून बसतात. आधी जागा बदला. लेखी वादालाही हेच लागू: दोन संदेश गेले, दोन आले आणि सूर चढतोय असं दिसलं की टाइप करणं थांबवून फोन उचला. इतरांना कॉपीत ठेवून उत्तर देण्याने तर हमखास भडका उडतो.

दोघांच्या भांडणात मॅनेजर

इथे प्रश्नावली विकणाऱ्यांचा दावा आम्हाला पटत नाही. भांडणाचं मूळ दोघांच्या शैलीत असतं असं ती गृहीत धरायला लावते. कित्येकदा मूळ कामाच्या आखणीत असतं: एकाच निर्णयाचे दोन मालक, एकमेकांना काटणारी उद्दिष्टं, एकच माणूस दोन डेडलाइनना दिलेला. अशा ठिकाणी दोघांना संवाद शिकवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. म्हणून मध्यस्थीच्या आधी मॅनेजरने एकच प्रश्न कागदावर लिहावा: या दोघांच्या जागी दुसरे दोघं आणले तर भांडण थांबेल का? उत्तर "नाही" असेल तर कामाची आखणी बदला.

कामावरचा मतभेद टीमला पोषकच असतो, वाईट फक्त व्यक्तिगत भांडण, हेही वर्कशॉपमध्ये ठासून सांगितलं जातं. कार्स्टेन डी ड्रू आणि लॉरी वाइनगार्ट यांनी 2003 मध्ये अनेक अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा दोन्ही प्रकारच्या वादांचा टीमच्या कामगिरीशी उलटा संबंध दिसला. कामावरचा वाद किती लवकर व्यक्तिगत होतो हे ज्याने जवळून पाहिलंय त्याला याचं नवल वाटणार नाही.

मध्यस्थी करायचीच असेल तर आधी दोघांना वेगवेगळं भेटा, प्रत्येकाला सारखीच वीस मिनिटं आणि सारखेच प्रश्न: काय घडलं, त्याने तुमचं काय अडलं, काय झालं तर तुम्हाला चालेल, यात तुमचा वाटा काय. एकाला तासभर आणि दुसऱ्याला दहा मिनिटं दिलीत की निकाल आधीच लागला असं दोघंही धरतात. या भेटीत कसलाही शब्द देऊ नका.

मग एकत्र, 45 ते 60 मिनिटं. पहिला चार-पाच मिनिटं बोलेल, दुसरा मध्ये बोलणार नाही. त्यानंतर दुसऱ्याने ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत सांगायचं आणि पहिला "हो, हेच" म्हणेपर्यंत सांगायचं. मग अदलाबदल. हे कंटाळवाणं वाटतं, पण गाळलं तर पुढचं काही टिकत नाही.

यानंतर मागणीकडून गरजेकडे जायचं. उदाहरणार्थ, डिझायनर म्हणतो, "बुधवारनंतर एकही बदल घेणार नाही." विक्रीवाली म्हणते, "ग्राहकाने सांगितलेला बदल घ्यावाच लागेल." या मागण्यांत मधला रस्ता नाही. गरज विचारली तर डिझायनरला रात्री जागून केलेलं काम पुन्हा करायचं नाहीये, आणि तिला ग्राहकाला त्याच दिवशी काहीतरी उत्तर द्यायचंय. मग वाट निघते: बुधवारनंतरचा बदल त्याच दिवशी नोंदवून ग्राहकाला पोच द्यायची, तो पुढच्या फेरीत घ्यायचा, आणि अपवाद करायचा अधिकार नाव घेऊन एकाच व्यक्तीला द्यायचा. कोण, काय, कधीपासून, हे चार ओळींत त्याच दिवशी लिहून दोघांना पाठवा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहण्याची तारीख तिथेच टाका.

हात मिळवायला लावू नका, माफीची सक्ती करू नका, आणि "दोघांचंही थोडं थोडं चुकलं" असं म्हणून दोष समान वाटू नका. ज्याचं खरंच चुकलेलं नाही त्याला ते आयुष्यभर लागतं. छळ, धमकी, भेदभाव किंवा लैंगिक त्रास यात तर मध्यस्थी करूच नये. तिथे तक्रारीची औपचारिक वाट धरायची, त्याच दिवशी. त्रास सोसणाऱ्याला त्रास देणाऱ्यासमोर बसवून "एकमेकांना समजून घ्या" म्हणणं म्हणजे त्रासात भर घालणं आहे.

कुणी घ्यावं आणि काय विचारून घ्यावं

नवीन मॅनेजर झालेल्यांना आधी एसबीआय द्या. प्रश्नावली नसली तरी काही बिघडत नाही. बराच काळ एकत्र काम करणाऱ्या आणि मीटिंगमध्ये गप्प बसणाऱ्या टीमसाठी प्रश्नावलीवर खर्च करण्यासारखा आहे. दोन माणसांचं भांडण विकोपाला गेलंय म्हणून अख्ख्या टीमला वर्कशॉपला बसवू नका. कुणामुळे बसलोय हे सगळ्यांना कळतं आणि ते दोघं आणखी एकटे पडतात.

ट्रेनरला ठरवण्याआधी विचारा की एकूण वेळेत सराव किती. निम्म्याहून कमी असेल तर ते भाषण आहे. सराव तिघांच्या गटात हवा: एक फीडबॅक देणारा, एक घेणारा, एक निरीक्षक, प्रत्येक फेरी दहा मिनिटांची आणि तिन्ही भूमिका सगळ्यांना. प्रसंग पुस्तकी नकोत, लोकांनी आपापल्या कामातला खरा, पण नावं काढून टाकलेला प्रसंग लिहून आणावा. निरीक्षकाच्या हातात कागद हवा, आणि त्यावर त्याने देणाऱ्याची वाक्यं जशीच्या तशी उतरवावीत. फेरी संपली की त्यातल्या कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारायची. पहिल्या फेरीत कागद रेघांनी भरतो आणि तिसऱ्या फेरीपर्यंत त्या कमी होताना दिसतात. चार ते सहा आठवड्यांनी तासाभराची दुसरी बैठक करारातच लिहून घ्या, आणि तिथे येताना प्रत्येकाने मधल्या काळात खरोखर दिलेला एक फीडबॅक शब्दशः लिहून आणायचा.